मुलींना पडायला शिकवा!

शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात आयांची एक मागणी हमखास असते. "डॉक्टर, हिला काहीतरी टॉनिक लिहून द्या. सारखी दमते, रात्री पिंढऱ्या दुखतात म्हणते, अभ्यासाला बसली की पेंगते." मुलगी बारा-तेरा वर्षांची असते. "खेळायला जातेस का गं?" असे विचारले, तर उत्तर मुलगी देत नाही, आई देते. "आता मोठी झाली ना ती! आणि संध्याकाळी क्लास असतो."

टॉनिकची बाटली लिहून देणे सोपे आहे. पण या मुलीला जे हवे आहे ते बाटलीत मिळत नाही. म्हणून आज या सदरात औषधाविषयी न लिहिता एका खेळाविषयी लिहितो. खेळाचे नाव आहे रग्बी! नाव ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. चिखलात लोळणारे, एकमेकांच्या अंगावर कोसळणारे धिप्पाड गोरे पुरुष डोळ्यांपुढे येतील आणि "हे आमच्या मुलींसाठी?" असा प्रश्न उमटेल. वाचकहो, थोडा धीर धरा. हा खेळ आपल्या उपनगरातल्या शाळांनी मुलींना शिकवावा असे मला का वाटते, ते आधी ऐकून घ्या. पटले नाही तर पान उलटायला आपण मोकळे आहातच.

सातवीनंतर काय होते?

घाटकोपरच्या कुठल्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुली बघा. साखळी, लंगडी, पकडापकडी, जिन्यावरून उड्या! त्याच मुली आठवीत बघा. भिंतीच्या कडेला घोळक्याने उभ्या असतात आणि मैदान मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. मुलींना कोणी "खेळू नका" असे सांगितलेले नसते. पण पाळी सुरू झालेली असते, ओढणी आलेली असते, कोण काय म्हणेल याची धास्ती आलेली असते. घरून "उन्हात काळी पडशील" हे रोजचेच. त्यातून पी.टी.चा तास गणिताला दिला जातो. वर्षाकाठी स्नेहसंमेलनात लेझीम आणि नाच झाला की मुलींचा व्यायाम आटोपला!

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१६ पर्यंतची माहिती गोळा करून २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ ते १७ वर्षांची जगातली ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नाहीत असे आढळले. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. संघटनेची शिफारस आहे ती रोज सरासरी एक तास दमवणाऱ्या हालचालीची. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम व्हावा असेही ती सांगते.

यावर एक उत्तर ठरलेले असते. "आमच्या मुली घरात काय कमी राबतात?" खरे आहे. असल्फा-भटवाडीच्या डोंगरावर पाण्याचे हंडे चढवणारी मुलगी शरीराने कष्ट करते यात शंका नाही. पण काम आणि खेळ यांत फरक आहे. काम एकाच पद्धतीने, तेच ते स्नायू वापरून, मान खाली घालून होते. खेळात धावणे, थांबणे, वळणे, उडी, धक्का, झेल हे सारे येते. मुख्य म्हणजे त्यात हसणे येते. हंडा उचलून कुणाला आनंद झाल्याचे ऐकिवात नाही! दुसरीकडे गारोडिया नगर किंवा पंतनगरच्या इमारतीतली मुलगी लिफ्टने उतरते, रिक्षाने शाळेत जाते आणि क्लासला खुर्चीत बसते. दोघींची परिस्थिती वेगळी, पण खेळाचे पान दोघींच्याही वहीत कोरेच.

हा खेळ आहे तरी काय?

रग्बीचा चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन धावायचे आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला "ट्राय" म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. गंमत अशी की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. फेकायचा तो बाजूला किंवा मागेच. म्हणजे पुढे जायचे असेल तर स्वतः धावायचे, आणि अडलात तर मागून येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती द्यायचा. धावणाऱ्याला प्रतिपक्षाने मिठी मारून खाली पाडायचे, याला "टॅकल" म्हणतात. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपली "पकड" तीच, फक्त धावत्या खेळाडूवर!

पूर्ण खेळ पंधरा-पंधरा खेळाडूंचा. सात-सात खेळाडूंचा "सेव्हन्स" हा प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, पुरुषांचा आणि स्त्रियांचाही. त्यात सात-सात मिनिटांचे दोनच डाव असतात. शाळांसाठी याहून सोपे प्रकार आहेत. "टच" रग्बीत पाडायचे नसते, नुसता हात लावायचा. "टॅग" रग्बीत कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढून काढायची. पाचवी-सहावीच्या मुलींनी सुरुवात करावी ती याच प्रकारांनी.

आता "परदेशी खेळ" या आक्षेपाविषयी. इंग्रजांनी १८७२ साली कलकत्त्यात रग्बीचा सामना खेळल्याची नोंद आहे. तिथला क्लब पुढे बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि एक चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या "कलकत्ता कप"साठी झुंजतात! मुंबईत तर बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या रग्बी चालत आला. मात्र तो फोर्टातल्या कुंपणाआड राहिला. २०२५ च्या जूनमध्ये देशातली पहिली व्यावसायिक रग्बी लीग अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात झाली. म्हणजे खेळ उपनगरात येऊन पोहोचला, पण ती लीग पुरुषांची होती.

आणि मुली? भारतीय महिलांनी पंधरा खेळाडूंचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली खेळला. वर्षभरातच, जून २०१९ मध्ये, मनिला येथे त्यांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. २०२१ साली ताश्कंद येथे आपल्या १८ वर्षांखालील मुलींनी आशियाई सेव्हन्स स्पर्धेत रौप्यपदक आणले. या खेळातली महाराष्ट्राची नावे फार जणांना ठाऊक नसतात. भारताचे कर्णधारपद भूषवलेल्या नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा या दोघी पुण्याच्या. वाहबिझ तर व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. शरीर कसे मोडते आणि कसे सांधते हे रोज पाहणारी बाई हा खेळ खेळते, ही गोष्ट घाबरणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हाडांची बँक

आता माझ्या मूळ विषयाकडे, म्हणजे आरोग्याकडे वळतो.

आजी न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. आपण म्हणतो, वय झाले. पण त्या हाडाचे भवितव्य बऱ्याच अंशी साठ वर्षांपूर्वी ठरलेले असते. हाडांची घनता ही बँकेतल्या ठेवीसारखी आहे. भरणा बालपणात आणि किशोरवयात होतो. पाळी बंद झाल्यावर ती ठेव झपाट्याने खर्ची पडू लागते. मुलींच्या हाडांचा भरणा साधारण बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने होतो. प्रौढपणी असणाऱ्या एकूण हाडांतील खनिजांपैकी जवळजवळ पाव हिस्सा त्या दोनच वर्षांत जमा होतो, आणि अठरा-वीस वर्षांपर्यंत बहुतेक भरणा आटोपलेला असतो.

हाड बळकट होते ते भार पडल्याने. धावताना, उडी मारताना, अचानक वळताना, कुणाला रेटताना हाडाला छोटे-छोटे हादरे बसतात आणि त्याला उत्तर म्हणून शरीर तिथे कॅल्शियम रचते. पोहणे उत्तम व्यायाम आहे, पण पाण्यात भार पडत नाही, त्यामुळे हाडांना त्याचा लाभ कमी. धावणे आणि धक्का दोन्ही असलेले कबड्डी-रग्बीसारखे खेळ या दृष्टीने फार मोलाचे. म्हणजे निसर्गाने बँकेचा दरवाजा उघडा ठेवलेली जी दोन-चार वर्षे, नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलीला भिंतीला टेकून उभी करतो! पुढे चाळिशीत कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ही तूट पुरती भरून निघत नाही.

रक्त, पाळी आणि गैरसमज

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढले. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अशी मुलगी पेंगते, चिडते, जिना चढताना धापा टाकते आणि घरात तिला "आळशी" हे नाव पडते.

खेळाने रक्त वाढते असे मी म्हणणार नाही. रक्त वाढते लोहाने. पण खेळामुळे रक्तक्षय उघडकीला येतो. बाकावर बसलेल्या मुलीचा अशक्तपणा कोणाच्या लक्षात येत नाही. मैदानावर दुसऱ्या फेरीतच खाली बसणारी मुलगी चांगल्या शिक्षिकेच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून संघ निवडण्याआधी प्रत्येक मुलीची रक्ततपासणी झालीच पाहिजे. महापालिकेच्या दवाखान्यात ती सहज होते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली दप्तरातच ठेवतात, ती जेवणानंतर घ्यावी. जंताची गोळी चुकवू नये. मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, अळीव, अंडी, मासे, सुकट-बोंबील हे ताटात असावे. वर लिंबू पिळावे, कारण त्याने लोह चांगले शोषले जाते. आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण तो लोह शोषू देत नाही. खेळायला जाण्यापूर्वी एक केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरेसा. महागडी पावडर नको. हाडांसाठी नाचणीची भाकरी कुठल्याही डब्यातल्या पेयापेक्षा सरस.

पाळीविषयी तर गैरसमजांचे जंगलच आहे. "उड्या मारल्या की गर्भाशय सरकते", "मारामारीचे खेळ खेळले की पुढे मूल होत नाही" अशी वाक्ये शिकलेल्या घरांतूनही ऐकू येतात. याला शास्त्राचा आधार नाही. गर्भाशय ओटीपोटात, कटीच्या हाडांच्या भक्कम वाटीत सुरक्षित असते. मुलग्यांचे नाजूक अवयव खरे तर जास्त उघड्यावर असतात, पण त्यांना "खेळू नकोस" असे कोणी सांगत नाही! पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर मुलीने जरूर खेळावे. नियमित व्यायामाने अनेकींची पोटदुखी कमीही होते. फार त्रास होत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, इतके साधे ते आहे. मात्र एक इशारा देतो. खूप खेळणाऱ्या पण पोटभर न जेवणाऱ्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "बरे झाले, कटकट गेली" असे न म्हणता डॉक्टरांना दाखवा. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते, आणि त्यात हाडेही झिजतात.

जाडीलाही मान

"कबड्डी आहे ना आपली, मग रग्बीचे खूळ कशाला?" हा सर्वांत रास्त प्रश्न. कबड्डीचा मला अभिमान आहे. २०१० साली ग्वांगझू येथे महिलांची कबड्डी प्रथमच आशियाई स्पर्धेत आली आणि सुवर्ण आपल्याला मिळाले. २०२३ साली हांगझौ येथे अवघ्या एका गुणाने, २६-२५ असे, ते पुन्हा जिंकणाऱ्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे आणि मुंबईची सोनाली शिंगटे होत्या. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये भारतीय मुलींनी जिंकला तो महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली. ज्या शाळेत हे खेळ चांगले चालू आहेत तिथे ते बंद करून रग्बी आणा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही.

पण या दोन्ही खेळांत एक अडचण आहे. खो-खोला चपळ, हलके अंग लागते. कबड्डीच्या स्पर्धांत वयोगटाप्रमाणे वजनाची मर्यादा असते. म्हणजे वर्गातली जाड मुलगी, जिला व्यायामाची खरी गरज, ती संघाबाहेरच. तिच्या वाट्याला येते ते पाण्याच्या बाटल्या सांभाळणे. हळूहळू ती मैदानाकडे पाठ फिरवते. मग वजन आणखी वाढते, पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव येते आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती पीसीओडीची फाइल हातात घेऊन दवाखान्यात बसलेली दिसते.

रग्बीत मात्र अंगापिंडाच्या प्रत्येक मुलीला जागा आहे. पुढच्या फळीत रेटा द्यायला भक्कम, वजनदार मुलगी लागतेच, तिच्यावाचून संघ उभा राहत नाही. उंच मुलगी बाहेरून आत येणारा चेंडू झेलायला लागते. चणीने लहान, पण तल्लख मुलगी चेंडू वाटायला लागते. वाऱ्यासारखी धावणारी कडेला लागते. जन्मभर "जाडी" म्हणून चिडवली गेलेली मुलगी पहिल्यांदा ऐकते, "तू पुढे उभी राहा, तू असलीस की आम्ही मागे हटत नाही." मनावर याचा जो परिणाम होतो, तो कुठल्याही समुपदेशनाने साधेल का, मला शंका आहे. वजन कमी करण्यासाठी खेळ नको. खेळायला लागली की वजनाचे काय व्हायचे ते होईल. आधी तिला आपले शरीर कामाचे वाटू दे.

पडण्याची विद्या

मुलगा रांगायचा थांबला की आपण त्याला पडू देतो. मुलगी पडली की धावत जाऊन उचलतो. परिणाम असा होतो की बहुतेक मुलींना पडायचे कसे हेच माहीत नसते. त्या हात ताठ पुढे करून पडतात आणि मनगट मोडून घेतात. रग्बीत पहिला धडा धावण्याचा नसून पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घ्यायची, चेंडू पोटाशी धरायचा, ताठ हातावर न पडता कुशीवर लोळण घ्यायची आणि लगेच उठायचे. दुसरा धडा दुसऱ्याला पाडण्याचा. डोके बाजूला, खांदा खाली, दोन्ही हातांची मिठी, नजर समोर. ही विद्या गाडीच्या गर्दीत, ओल्या फरशीवर, सायकलवरून घसरताना आयुष्यभर उपयोगी पडते.

यात शरीरापलीकडचीही एक गोष्ट आहे. कुणाचा धक्का लागला तर आक्रसून जायचे, अंग चोरायचे, हे आपण मुलींना नकळत शिकवतो. घाटकोपर स्थानकाचा पूल सायंकाळी ओलांडणारी प्रत्येक मुलगी कोपरे पुढे करून, दप्तर छातीशी धरून चालते. कारण सांगायला नको. रग्बी खेळली म्हणजे तिच्या वाट्याचे दुष्ट लोक नाहीसे होतील, असा दावा मी करीत नाही. ती जबाबदारी समाजाची आणि पोलिसांची. पण ज्या मुलीने शंभर वेळा धक्का खाल्ला, दिला आणि उठून उभी राहिली, ती आपल्या शरीराला केवळ लपवण्याची वस्तू मानणार नाही. ओरडून मदत मागणे, मैत्रिणीला हाक घालणे, "नाही" ठणकावून म्हणणे या गोष्टी मैदानावर रोज घडतात, आणि सवय झाली की त्या बाहेरही येतात.

धोका लपवणार नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. रग्बीत इजा होतात. खरचटणे, मुरगळणे सोडा. काळजीच्या दोन इजा आहेत.

पहिली, मेंदूला बसणारा हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. डोके दुखणे, गरगरणे, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, तोच प्रश्न पुन्हा-पुन्हा विचारणे, भांबावल्यासारखे वागणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी मुलीला तत्काळ मैदानाबाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. "थोडे पाणी मार, जा खेळायला" हा आपला गावठी उपाय इथे घातक आहे. २०२३ साली ब्रिटनमध्ये हौशी आणि शालेय खेळांसाठी जी नियमावली आली, तिच्यात अशा खेळाडूने २१ दिवसांच्या आत सामन्यात उतरू नये असे सांगितले आहे. शंका आली तरी बाहेर, हे तिचे सूत्र. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपत असेल किंवा मान दुखत असेल, तर वेळ न दवडता थेट रुग्णालय. मान दुखत असल्यास मुलीला हलवायची घाई मात्र करू नये.

दुसरी इजा गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याची. धावताना वळावे लागणाऱ्या खेळांत मुलींमध्ये ही इजा मुलग्यांपेक्षा जास्त आढळते. पण उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका अशा दहा-पंधरा मिनिटांच्या पूर्वतयारीने मुलींमधले तिचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. इंग्लंडमधील शाळकरी मुलग्यांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या संघांनी आठवड्यातून तीन वेळा असा व्यायाम नेमाने केला, त्यांच्या एकूण इजा ७२ टक्क्यांनी आणि मेंदूचे हादरे ५९ टक्क्यांनी कमी झाले. औषधाची एवढी मात्रा लागू पडली तर आम्ही डॉक्टर पेढे वाटू! इथे तर खर्च शून्य.

म्हणून माझी अट स्पष्ट आहे. प्रशिक्षित शिक्षक नसेल तर टॅकल नाही. पहिली एक-दोन वर्षे टच किंवा टॅग. मग गुडघ्यांवर बसून, मऊ जमिनीवर टॅकलचा सराव. मिठी कमरेभोवती, छातीच्या वर कधीच नाही. इंग्लंडनेही २०२३ पासून हौशी खेळात टॅकलची उंची छातीच्या हाडाखाली आणली आहे. सामना खेळताना दातांचे माउथगार्ड हवे. आणि सरावात बारा वर्षांच्या बारीक मुलीसमोर सोळा वर्षांची थोराड मुलगी कधीही उभी करू नये.

मैदान कुठले आणि पैसे कुठले?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. उपनगरातल्या कित्येक शाळांचे क्रीडांगण म्हणजे फरसबंद चौक, हे आपण सारे जाणतो. फरशीवर टॅकल मुळीच नको, पण टॅग रग्बी तिथेही खेळता येतो. कमरेला जुन्या साडीच्या फिती खोचा आणि सुरू करा. चेंडू एक असला तरी पंधरा-वीस मुली एका वेळी खेळतात. बॅट नको, पॅड नको, जाळे नको. आठवड्यातून एकदा मोकळ्या मातीच्या मैदानावर जायचे. घाटकोपरात ती अगदीच नाहीत असे नाही, पंतनगरचे आचार्य अत्रे मैदान आहे. चार शाळांनी मिळून वार वाटून घेतले तर मैदानही मिळते आणि प्रतिस्पर्धीही. पावसाळ्यात तर मऊ ओली माती या खेळाला उत्तमच, फक्त काचा-दगड वेचून घ्यावेत आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे याची खात्री करावी.

शिक्षक कोण? कबड्डी शिकवणारे क्रीडाशिक्षक आपल्याकडे आहेत. पकड म्हणजे काय हे त्यांना कळते, नवे नियम आणि सुरक्षिततेचे धडे प्रशिक्षणवर्गात शिकता येतात. मुलींसोबत एक शिक्षिका मात्र असलीच पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपडे बदलायला दार लागणारी खोली, पाणी असलेले स्वच्छतागृह आणि कपाटात सॅनिटरी पॅड. अनेक मुली खेळ सोडतात ते खेळ नकोसा वाटतो म्हणून नव्हे, तर या तीन गोष्टी नसतात म्हणून. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लांब पँट घालूनही खेळता येते. तेवढ्यासाठी घरच्यांशी वाद घालत बसू नये.

पालकांनी काय करावे?

येत्या पालकसभेत गुणपत्रिकेवर बोलून झाले की चार प्रश्न जरूर विचारा. आठवी ते दहावीच्या मुलींना आठवड्यात किती तास मैदान मिळते? पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो का? खेळणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले? आणि खेळताना डोक्याला मार लागला तर शाळेत काय करायचे हे कोणाला ठाऊक आहे? उत्तरे मिळाली नाहीत तरी प्रश्न विचारल्याने फरक पडतो. शाळा पालकांना भितात, हे मी तुम्हाला गुपित म्हणून सांगतो!

आणि घरी? मुलगी गुडघा फोडून आली तर आधी रागावू नका. जखम साबणाने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा आणि विचारा, "चेंडू सोडलास की नाही?" तिच्या लग्नाची काळजी अजून दहा-बारा वर्षांनी करायची आहे. गुडघ्यावरच्या एका व्रणाने जे स्थळ मोडेल, ते मोडलेलेच बरे. तोवर तिच्या हाडांच्या बँकेत भरणा होऊ द्या. त्या बँकेचा दरवाजा पुन्हा उघडत नाही.